चार भाषांच्या शहरात कला महोत्सव वाढवायचा तर: आधी काय, नंतर काय

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी-उर्दू एका बोळात ऐकू येतात. अशा गावात ‘सगळ्यांचा’ महोत्सव एकदा भरवणं अवघड नाही, पहिलं वर्ष हौसेवर निघून जातं. गाडी अडते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी मैदान, मग मंडप, मग उद्घाटक, मग पत्रिका, आणि शेवटच्या पंधरवड्यात वेगवेगळ्या समाजांना फोन: “तुमचं एखादं नृत्य द्या ना, दहा मिनिटांचं.” ज्यांना असं शेवटी आठवलं जातं, ते एकदा येतात. पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत.

खालचा क्रम नऊ महिन्यांचा आहे आणि सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. नांदेड, इचलकरंजी किंवा भिवंडीत नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १: पायी पाहणी (मार्च-एप्रिल)

जनगणनेचे भाषेचे आकडे सुरुवातीला ठीक आहेत, पण त्यांवर कार्यक्रम आखता येत नाही. वही घ्या आणि पूर्व भाग (तेलुगू विणकरांची वस्ती), बाळीवेस, विजापूर वेस, सेटलमेंट, जुळे सोलापूर असे भाग संध्याकाळी चालून पाहा. प्रत्येक भागासाठी पाच गोष्टी टिपा: घरात कोणती भाषा, वाचायला कोणती लिपी, कामाच्या वेळा काय, लोक आधीपासून कुठे जमतात, आणि कोणाच्या शब्दावर जमतात.

यातली दुसरी नोंद सगळ्यात जास्त चुकते. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या अनेक कुटुंबांतली मुलं मराठी शाळेत शिकलेली असतात. आजीला तेलुगू समजतं पण वाचता येत नाही, नातवाला वाचता येतं ते मराठी. अशा घरासाठी छापलेलं तेलुगू पोस्टर म्हणजे आदरखूण. त्याने निरोप पोचत नाही. तो पोचतो रिक्षावरच्या कर्ण्यातून किंवा व्हॉट्सॲपवरच्या चाळीस सेकंदांच्या आवाजी निरोपातून. दखनीचं तसंच: घरची बोली दखनी, मुशायऱ्याची भाषा उर्दू. दोन्ही एकच समजून चालू नका.

आणि सर्वसमावेशक म्हणजे केवळ भाषा नाही. कर्णबधिर, अंध, चाकाची खुर्ची वापरणारे, तृतीयपंथी कलाकार, भटक्या-विमुक्त समाजातले वादक यांचीही त्याच वहीत ओळ हवी. ती ओळ राहिली, तर पुढच्या एकाही टप्प्यात त्यांची आठवण होत नाही.

तपासा: वहीत प्रत्येक गटापुढे दोन वेगवेगळ्या व्यक्तींची नावं आहेत का? एकच नाव असेल तर ते बहुधा त्या समाजातल्या पुढाऱ्याचं आहे. दुसरं नाव कलाकाराचं शोधा.

टप्पा २: निर्णय घेणारी समिती (मे)

अकरा जण पुरे. एका भाषेचे तीनपेक्षा जास्त नकोत, किमान चार बायका, दोघं तिशीच्या आतले, आणि किमान एक अपंग सदस्य मतासह. ‘निमंत्रित सल्लागार’ हे पद ठेवूच नका. ते पाहुण्याला ओसरीवर बसवण्यासाठी असतं.

बैठक दरवेळी वेगळ्या भागात घ्या. वेळ आपल्या सोयीने ठरवू नका: विड्या वळणाऱ्या बायकांना माल कारखान्यात नेऊन देण्याची वेळ असते, मागावरच्या माणसाला पाळी असते. दोघांनाही विचारून वेळ ठरवली की पहिल्याच बैठकीत माणसं दिसतात. इतिवृत्त लिहा, आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवा. नुसतं ईमेलवर पाठवलेलं इतिवृत्त अर्ध्या समितीपर्यंत पोचत नाही.

या समितीकडे तीन निर्णय पूर्णपणे द्या: तारीख, पैशांची वाटणी आणि व्यासपीठावर कोण बसणार. हे तीन हातात नसतील तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

खाण्याच्या स्टॉलचा प्रश्नही इथेच मिटवा. शाकाहारी-मांसाहारी वाद महोत्सवाच्या दिवशी उफाळला तर निभावणं कठीण जातं. वेगळ्या रांगा, वेगळं पाणी, कोणते पदार्थ चालतील हे मे महिन्यातच लिहून, सह्या घेऊन ठेवा.

टप्पा ३: तारीख (जून)

भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावा आणि एकेक समाजाला त्याच्या तारखांवर काट मारू द्या. सोलापुरात काट बसते ती अशी:

- जानेवारी: संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा. होम मैदानावर गड्डा (यात्रेचा बाजार) भरतो, मैदान आणि पोलीस दोन्ही मिळत नाहीत.
- फेब्रुवारी-मार्च: दहावी-बारावीच्या परीक्षा, शिवाय सध्याची काही वर्षं रमजान.
- एप्रिल-मे: चाळिशीपार ऊन. १४ एप्रिल आणि बसवजयंतीही इथेच.
- जून-जुलै: आषाढी वारी. जिल्ह्याचा बंदोबस्त पंढरपुरात.
- श्रावण: नारळी पौर्णिमेची मार्कंडेय रथयात्रा. पूर्व भागातलं कोणीही दुसरीकडे येणार नाही.
- आश्विन: नवरात्र, बतुकम्मा (तेलुगू बायकांचा फुलांचा सण), आणि कोजागरीला तुळजापूरची पायी वाट.
- नोव्हेंबर: दिवाळी आणि कार्तिकी.

राहतो डिसेंबर. त्यातही ६ डिसेंबरच्या आसपासचे चार दिवस सोडा, कारण अनेक जण चैत्यभूमीला गेलेले असतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांचा कार्यक्रम ठेवू नका, घरोघरी घट मांडलेले असतात. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातले शुक्रवार, शनिवार, रविवार.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. त्यानंतर डिसेंबरही मोकळा राहणार नाही. ‘आमची कायमची तारीख’ असं पत्रिकेवर छापण्याआधी हे बघा.

खबरदारी: डिसेंबर हा शाळांच्या स्नेहसंमेलनांचा महिना. हुतात्मा स्मृतिमंदिर हवं असेल तर आरक्षण जूनमध्येच. ऑक्टोबरमध्ये विचारायला गेलात तर सकाळची सत्रं तेवढी उरलेली असतात.

टप्पा ४: जागा आणि पोच (जुलै)

वाढ म्हणजे एक दिवस जास्त, असा समज आहे. तो खर्चिक आहे आणि चुकीचा. दिवस वाढवला की तोच प्रेक्षक थकतो. जागा वाढवली की नवा प्रेक्षक मिळतो. पहिल्या वर्षी एक नाट्यगृह, दुसऱ्या वर्षी त्यात पूर्व भागातलं शाळेचं पटांगण, तिसऱ्या वर्षी जुन्या गावातला चौक. दरवर्षी एकच भर घाला, दोन नाही.

आता मंच. मंडपवाला सवयीने तीन फुटांचा मंच बांधतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२ हवं, म्हणजे तीन फूट चढायला छत्तीस फुटांचा उतार आणि मध्ये सपाट थांबा. एवढी जागा पटांगणात नसते, म्हणून मंडपवाला आठ फुटांची फळी टेकवतो आणि “झाला की रॅम्प” म्हणतो. त्या फळीवरून खुर्ची मागे उलटते. सरळ मंच दोन फुटांचा करा, उतार चोवीस फुटांचा होतो. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वर घसरू नये असं मॅटिंग. पुढे सतरंज्या अंथरल्या की दोन फुटांच्या मंचावरचंही मागच्यांना दिसतं.

चाकाच्या खुर्चीची जागा साधारण तीन फूट बाय चार फूट, शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची. या जागा एकाच कोपऱ्यात गोळा करू नका, तीन-चार ठिकाणी विखुरा. शौचालयं बायकांसाठी जास्त हवीत, साधारण शंभर जणींमागे एक, वाटेवर दिवा आणि आत बादलीत पाणी. एक तरी शौचालय उंबऱ्याशिवायचं, ज्याच्या दारातून खुर्ची आत जाईल असं. दार साधारण तीन फुटांचं लागतं.

पुढचे सोफे काढून टाका. पाहुण्यांसाठी अडवलेल्या रांगा साडेआठपर्यंत रिकाम्या असतात, आणि कलाकाराला समोर रिकामे सोफे पाहत गावं लागतं.

तपासा: अंधार पडल्यावर चाकाची खुर्ची वापरणाऱ्या समिती-सदस्यासोबत रस्त्यापासून मंचापर्यंत आणि शौचालयापर्यंत एकदा जाऊन या. दिवसा केलेली तपासणी धरू नका. केबलचे उंचवटे, वाळूचा ढीग, उतारासमोर लावलेल्या दुचाकी हे सगळं रात्रीच कळतं.

टप्पा ५: पैसे (जुलै-ऑगस्ट)

दहा लाखांचा महोत्सव धरला तर निभणारी वाटणी अशी: कलाकारांचं मानधन, प्रवास, जेवण आणि तालमी ३५ टक्के, मंच, ध्वनी, प्रकाश २५, उतार, सांकेतिक भाषेचे दुभाषी, वाहतूक १०, भागाभागातले समन्वयक ८, परवाने, विमा, सुरक्षा, स्वच्छता ८, प्रसिद्धी ७, राखीव ७. पैसे कमी पडले की पहिली कात्री त्या दहा टक्क्यांना लागते. ती लावू नका, मंचाची सजावट कमी करा.

मानधनाचा तळ ठरवा: माणशी, दिवसाला, सगळ्यांना एकच. बाहेरून बोलावलेल्या गायकाला लाख आणि सेटलमेंटमधल्या हलगीवाल्याला शाल-श्रीफळ, हा प्रकार बंद करा. हलगी ‘लोककला’ म्हणून फुकट वाजत नाही. तालमीचेही पैसे द्या. रोजावर काम करणाऱ्या बाईची तालीम म्हणजे तिची बुडालेली मजुरी असते.

बँकेचा तपशील ऑगस्टमध्येच घ्या. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, खातं बंद पडलेलं असतं, हे डिसेंबरात कळलं तर पैसे मार्चपर्यंत अडकतात. निम्मी रक्कम करारावेळी, निम्मी त्याच रात्री. टीडीएस कुठे कापायचा ते सीएकडून आधी लिहून घ्या, म्हणजे कमी रक्कम हातात आल्यावर भांडण होत नाही.

प्रायोजकाकडून सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. आणि विडीच्या गावात हे स्पष्ट सांगायला हवं: तंबाखू उत्पादनाच्या ब्रँडचं नाव प्रायोजक म्हणून फलकावर चालत नाही, २००३ च्या कायद्याने त्याला मनाई आहे.

टप्पा ६: कार्यक्रम (ऑगस्ट-ऑक्टोबर)

‘प्रत्येकी दहा मिनिटं’ ही वाटणी दिसायला न्याय्य, पण ती कलेला मारते. दहा मिनिटांत कव्वाली तापतही नाही. त्याऐवजी तीन प्रकारची सत्रं ठेवा.

स्वतःचं सत्र ४५ ते ६० मिनिटांचं, एकाच गटाच्या हाती: काय, कोण, कोणत्या क्रमाने, सगळं त्यांचं. दुसरं जोडसत्र: दोन गट मिळून नवं काही. सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं आणि मराठी अभंग, किंवा दखनी शायरी आणि मराठी गझल. याला किमान सहा तालमी लागतात. दोन तालमींत उरकलं तर आलटून-पालटून गाणं होतं, जोड होत नाही. तिसरं मोकळं सत्र, नाव नोंदवून पाच मिनिटं, कोणालाही. तीन दिवसांत जोडसत्रं दोनपेक्षा जास्त घेऊ नका, ती सांभाळायला माणसं पुरत नाहीत.

एक चूक मात्र जवळून बघण्यासारखी आहे. बतुकम्मा छान दिसतो म्हणून तो डिसेंबरात मंचावर मागितला जातो. तो फुलांच्या रचलेल्या ढिगाभोवती रिंगण धरून, टाळ्या वाजवत, नवरात्रात होतो. मंचावर रिंगण अर्धवर्तुळ होतं, बायका प्रेक्षकांकडे तोंड करायला लागतात, गाणं मागच्या दोघींपर्यंत पोचत नाही आणि लय तुटते. शिवाय डिसेंबर हा त्याचा काळच नव्हे. पूर्व भागातल्या बायकांना विचारा की या दिवसांत त्यांना काय म्हणायला आवडेल. रिंगणाचंच काही निघालं तर मंच सोडा: जमिनीवर वीस फूट व्यासाचं वर्तुळ आखा, वरून दोन माइक टांगा, प्रेक्षक चहूबाजूंनी. नंदीध्वजाचंही तेच. तो सिद्धेश्वर यात्रेतला मानाचा उंच ध्वज आहे, मंचावरची शोभा नाही.

निवेदन चारही भाषांत पुन्हा पुन्हा करू नका, त्यात प्रत्येक तासातली पंधरा-वीस मिनिटं जातात. त्या सत्राच्या भाषेत तीस सेकंद बोला आणि पडद्यावर मराठीतून चार ओळी दाखवा. मधल्या सूचना बाजारातल्या दखनी वळणाच्या हिंदीत दिल्या तर इथे सगळ्यांना कळतात.

दोन सत्रांत पंधरा मिनिटं धरा. ध्वनिवाल्याला प्रत्येक गटाचा साधा नकाशा द्या: कोण कुठे बसणार, किती माइक. कव्वालीला सात-आठ लागतात, मुशायऱ्याला एक आणि चांगला. हलगीला माइक लावूच नका.

सांकेतिक भाषेची तयारी

तासाभराच्या सत्राला दोन दुभाषी हवेत, वीस-वीस मिनिटांनी आलटून. एकाच माणसाला दोन तास उभं केलं तर शेवटचा तास निम्माच पोचतो. त्यांच्यावर स्वतंत्र दिवा, जो मंच अंधारला तरी विझणार नाही. मागे एकरंगी पडदा, अंगावर साधे कपडे, आणि त्याच बाजूला कर्णबधिर प्रेक्षकांच्या राखीव जागा.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हे: मराठी-हिंदी जाणणारा दुभाषी कन्नड वचनाचं भाषांतर उभ्या उभ्या करू शकत नाही. शब्द आणि त्यांचा मराठी अर्थ आठ दिवस आधी त्याच्या हातात द्या. अंध प्रेक्षकांसाठी सत्राआधी वीस मिनिटं वाद्यं हाताळायला ठेवा. याला खर्च काही नाही, फक्त कलाकारांना आधी सांगावं लागतं.

टप्पा ७: परवानग्या (सप्टेंबर-नोव्हेंबर)

महापालिका, पोलीस, अग्निशमन, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी, खाण्याच्या स्टॉलची एफएसएसएआय नोंदणी: या सगळ्यांसाठी एकच फाइल, एकच माणूस. नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. कन्नड, तेलुगू, उर्दू संहितेला जास्त वेळ लागेल असं धरून ती मराठी भाषांतरासह सप्टेंबरमध्येच पाठवा. ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच असेल तर गाण्याच्या शब्द-चालीचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. आयपीआरएस आणि पीपीएल या दोन्ही संस्थांकडे विचारा.

आवाजाचे नियम २००० चे आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. मैदानाच्या हद्दीपाशी आवाज त्या भागाच्या मर्यादेहून दहा डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढाच. वस्तीची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीपाशी ६५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे शंभर मीटर राज्य सरकारने तसं जाहीर केलं असेल तर शांतता क्षेत्र. शाळेचं पटांगण घेताना हे आधी पोलिसांशी बोला, पैसे भरल्यावर नाही.

टप्पा ८: प्रसिद्धी (नोव्हेंबर)

उर्दू मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि ओळ उलटी, डावीकडून उजवीकडे लागते. डिझायनरला उर्दू येत नसल्याने त्याला ते ‘छान’ दिसतं. तेलुगू-कन्नडमधली जोडाक्षरंही अशीच फुटतात. छापण्याआधी कागदावरचं प्रूफ त्या भाषेच्या शिक्षकाला दाखवा. मोबाइलवर पाठवू नका, छोट्या पडद्यावर तुटलेलं जोडाक्षर दिसत नाही. चारही लिप्यांचा आकार सारखा ठेवा. मराठी हातभर आणि बाकीच्या तीन तळाशी मुंगीएवढ्या असतील, तर निरोप वेगळाच जातो.

टप्पा ९: ते तीन दिवस

शुक्रवारी दुपारी साडेबारा ते दोन मशिदीजवळच्या जागेत ध्वनिचाचणी नको. संध्याकाळी अजानच्या वेळा जवळच्या मशिदीत विचारून कार्यक्रमपत्रिकेतच पाच मिनिटांचा खंड लिहा. ऐनवेळी निवेदकाने घाईने गाणं थांबवलं तर गाणाऱ्याचाही अपमान होतो आणि थांबवणाऱ्याचाही.

शेवट साडेनऊला. दहाची मुदत आहे म्हणून दहापर्यंत ताणू नका. पूर्व भागात परतणाऱ्या बायकांना रिक्षा मिळायला हवी, आणि तुम्हाला एका उशिराची सवलत हाताशी हवी. उतारावर एक स्वयंसेवक फक्त फोटोवाल्यांना हटवायला उभा करा. खरोखर फक्त तेवढ्यासाठी.

टप्पा १०: नंतरचे चाळीस दिवस

सात दिवसांत सगळी देणी. पंधरा दिवसांत जमाखर्च प्रत्येक भागात वाचून दाखवा, तोट्यासह. तिसाव्या दिवशी समितीची बैठक, आणि तीत गर्दीचा आकडा विचारू नका, तो कोणालाच नीट माहीत नसतो. विचारा की किती गट पुन्हा यायला तयार आहेत, किती जण स्वतःची कल्पना घेऊन आले, कोणता गट गप्प झाला. गप्प झालेल्या गटाच्या घरी दोघांनी जायचं, फोन करायचा नाही.

पुढची नवी जागा या बैठकीत ठरते. तिथल्या दोघांना समितीत घ्या, जुन्यांपैकी दोघं बाहेर पडतील. मार्चमध्ये पायी पाहणीला हे नवे दोघं पुढे असतील, वही त्यांच्या हातात.